ब्लू स्क्रीन (घरगुती संगणकावर वारंवार येणारी)

विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर काम करता करता एकदम थांबतो, पडदा निळा होतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी आणि एक स्टॉप कोड (बिघाडाचं नाव) दिसतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, याला बोलताना सगळे ब्लू स्क्रीन म्हणतात. वर्षातून एखाद्या वेळी आली तर बहुतेक वेळा तिच्या मागे लागायची गरज नसते. आठवड्यात दोन-तीनदा यायला लागली की मात्र कारण पक्कं असतं आणि नीट बघितलं तर बहुतेक वेळा सापडतं. ही नोंद त्या दुसऱ्या प्रकारावर आहे. उदाहरणं ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांची घेतली आहेत, कारण इथली दमट हवा, इथली वीज आणि इथली "फॉरमॅट मारून टाकू" ही पद्धत, तिन्हींचा या विषयाशी थेट संबंध येतो.

उगम

ब्लू स्क्रीन कोणी लिहिली यावर बराच गोंधळ आहे आणि तो मुख्यतः तीन वेगवेगळ्या पडद्यांना एकच नाव पडल्यामुळे झालाय. काही जण उगम थेट १९८५ च्या विंडोज १ पर्यंत मागे नेतात, कारण डॉसची (विंडोज तेव्हा जिच्यावर चालायची ती जुनी यंत्रणा) आवृत्ती जुळली नाही की तिथे निळ्या पडद्यावर अगम्य अक्षरं उमटायची. पण तो सुरू होतानाचा पडदा बिघडलेला दिसायचा एवढंच, चालू यंत्रणेने स्वतःला थांबवल्याची ती खूण नव्हती, त्यामुळे तिला ब्लू स्क्रीनची आजी म्हणणं ओढूनताणून वाटतं.

२०१४ साली मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी ब्लू स्क्रीनचा मजकूर लिहिला अशा बातम्या सगळीकडे फिरल्या. मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी तेव्हाच खुलासा केला की बाल्मर यांनी लिहिलेला मजकूर विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या पडद्याचा होता. तो पडदाही निळाच, पण तिथे एखादा प्रोग्रॅम अडकला की तो बंद करायचा का एवढंच विचारलं जायचं. विंडोज ९५ मध्ये कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चूक झाली की येणाऱ्या पडद्याला शेवटचं रूप चेन यांनी स्वतः दिलं, आणि तिथे कळ दाबून पुढे जायची सोय असायची, कधी मशीन खरंच पुढे चालायचं, कधी नाही. तिसरा पडदा विंडोज एनटीचा (कंपन्यांसाठीची वेगळी विंडोज), तो मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर जॉन व्हर्ट यांचा. एनटी ३.१ जुलै १९९३ मध्ये बाजारात आली, म्हणजे कोड साधारण १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांतला धरायला हरकत नसावी. निळाच रंग का, यावर व्हर्ट यांचं म्हणणं असं की ते ज्या मिप्स प्रोसेसरच्या मशीनवर काम करत त्याच्या फर्मवेअरचा (अंगभूत सॉफ्टवेअरचा) पडदा निळ्यावर पांढरा होता आणि कोड लिहायचा एडिटरही तसाच, म्हणून हाही तसाच ठेवला. मन शांत राहावं म्हणून निळा निवडला वगैरे जे सांगतात त्यापेक्षा हे जास्त पटणारं आहे.

आज घरी जे दिसतं ते व्हर्ट यांच्या पडद्याच्या वंशातलं, कारण २००१ च्या एक्सपीपासून घरगुती विंडोजही एनटीच्याच पायावर आली. एक्सपीमध्ये आपोआप रिस्टार्ट होणं आधीपासून चालूच ठेवलेलं असायचं, त्यामुळे पडदा क्षणभर चमकून जायचा आणि लोक फक्त "पीसी बंद पडतो" अशी तक्रार घेऊन दुकानात जायचे. विंडोज ८ मध्ये उदास चेहरा आला, २०१६ मध्ये क्यूआर कोड आला आणि २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटमध्ये दोन्ही काढून पडदा काळा करण्यात आला. नाव बोलण्यात अजून ब्लूच आहे.

पडदा येतो तेव्हा आत काय होतं

ब्राउझर, वर्ड, गेम हे सगळे यूजर मोडमध्ये चालतात, त्यातला एखादा कोसळला तर तो एकटाच कोसळतो. कर्नल आणि बहुतेक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मात्र कर्नल मोडमध्ये, म्हणजे थेट मेमरी आणि हार्डवेअरला हात घालत असतात. तिथे एखाद्या ड्रायव्हरने नको त्या पत्त्यावर लिहिलं किंवा रॅमने ठेवलेलं तसंच परत दिलं नाही, तर पुढची प्रत्येक गोष्ट संशयास्पद ठरते. अशा वेळी चालत राहिलं तर डिस्कवरच्या फाइल बिघडू शकतात, म्हणून कर्नल मुद्दाम सगळं थांबवतो. जाता जाता मेमरीची नक्कल पेज फाइलमध्ये (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) टाकतो आणि पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की त्यातून डंप फाइल तयार होते, छोटी असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल किंवा कोणाच्या सल्ल्याने पेज फाइल बंद केलेली असेल तर डंप बनतच नाही आणि मग शोधाला पुरावाच राहत नाही. पडद्यावर दिसणारे डंपचे टक्के शून्यावरच अडकून राहिले आणि नंतर फोल्डर रिकामं मिळालं तर एसएसडीच मध्येच गायब होत असल्याची शंका घ्यावी, कारण लिहायला जागाच उरत नाही.

एक गल्लत नेहमी होते. वीज गेली किंवा व्होल्टेज दबलं म्हणून मशीन बंद पडणं म्हणजे ब्लू स्क्रीन नव्हे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दोन्हींनंतर कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद येते, पण त्यातला बगचेक कोड (म्हणजे स्टॉप कोडच) शून्य असेल तर कर्नलने काही थांबवलेलं नाही, त्याला वीजच मिळाली नाही किंवा तो नुसताच गोठला. तेवढं बघितलं तरी अर्ध्या लोकांचा शोध ड्रायव्हरवरून उठून एसएमपीएसकडे (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि भिंतीतल्या सॉकेटकडे वळेल.

कोड वाचणं

आधी आपोआप रिस्टार्ट बंद करावं म्हणजे पडदा थांबतो आणि मोबाइलवर फोटो काढता येतो. एक फोटो पुरत नाही, निदान चार-पाच जमवावेत, कारण खरी माहिती त्यांच्या तुलनेत असते. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर तो ड्रायव्हर किंवा त्याचं हार्डवेअर. आज मेमरी मॅनेजमेंट, परवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, नंतर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल असं दर वेळी नवं काहीतरी येत असेल तर रॅम आधी तपासावी. व्हेआ अनकरेक्टेबल एरर म्हणजे खुद्द प्रोसेसर किंवा बोर्डने हार्डवेअरची चूक कळवली आहे, तिथे विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये, तापमान, ओव्हरक्लॉक आणि वीज बघावी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं, बायोसमधून (मदरबोर्डचं अंगभूत सॉफ्टवेअर) मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, त्यामुळे ते प्रोसेसर असणाऱ्यांनी बायोसची तारीख आधी बघावी. व्हिडिओ टीडीआर फेल्युअर म्हणजे ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळेत, साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिलं नाही आणि त्याला परत उभं करायचा प्रयत्नही फसला.

डंप उघडायला ब्लूस्क्रीनव्ह्यू हे छोटं मोफत साधन लोक वापरतात, खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी. इथे एक सापळा आहे. बऱ्याच डंपमध्ये दोषी म्हणून विंडोजच्या स्वतःच्या कर्नल फाइलचं नाव येतं, लोक म्हणतात विंडोजच खराब आहे, आणि फॉरमॅट होतं. कर्नलच्या लक्षात चूक आली म्हणून त्याचं नाव आलं, चूक करणारा कधीचा निघून गेलेला असतो. चोरी लक्षात आणून देणाऱ्या वॉचमनलाच पकडण्यासारखं ते आहे, आणि माझ्या पाहण्यातले निम्म्याहून जास्त फुकटचे फॉरमॅट याच एका गैरसमजातून झालेत.

रॅम आणि पावसाळा

नेरूळमधल्या एका तळमजल्याच्या घरात जून संपता संपता रोज सकाळी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ब्लू स्क्रीन यायची आणि मग दिवसभर काही नाही. दोनदा फॉरमॅट झालं होतं, दुसऱ्या वेळी मुलीचे बारावीचे प्रोजेक्टही गेले. कॅबिनेट उघडलं तर मागच्या स्क्रूंवर तांबूस गंज, आणि रॅमची पट्टी काढून उजेडात तिरकी धरली तर सोनेरी दातांपैकी सात-आठ दातांवर काळपट ढग. थंड आणि दमट असताना संपर्क कच्चा, मशीन तापलं की जरा सुधारायचा, म्हणून सकाळचा त्रास. मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी पेन ड्राइव्हवरून लावली तर लाल ओळी दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दात पुसून तीच पट्टी परत बसवली, रात्रभर चाचणी चालवली, एकही चूक नाही.

पुसायचं कशाने यावर दोन मतं आहेत. दुकानांत पट्टी खोडरबरने घासून देतात, झटपट काम होतं आणि त्या वेळेपुरतं चालतंही. दुसरी बाजू म्हणते की दातांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, दर पावसाळ्यात रबर फिरवलं तर तो निघतो आणि खालचा धातू आणखी लवकर काळवंडतो, शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड वापरून पूर्ण वाळू द्यावं हे मत जास्त बरोबर वाटतं, रबर अगदीच नाइलाज असेल तर एकदा. मशीन बंद, प्लग काढलेला आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावलेला, एवढं पाळावंच.

मेमटेस्टमध्ये "दोनच चुका आल्या" असं म्हणून सोडून देतात, तसं करू नये, एक चूकही जास्तच. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासावी, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट हे कळतं. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून बघावं, कारण रॅम चांगली असूनही त्या वेगाला बोर्ड टिकत नाही असंही होतं. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक सोयीची आहे, पण ती पास झाली म्हणून रॅम निर्दोष समजू नये.

वीज, धूळ, उष्णता

१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांतल्या बिघाडामुळे मुंबईसोबत ठाणे आणि नवी मुंबईही अंधारात गेली, घरून काम आणि ऑनलाइन कॉलेज चालू असताना. असं क्वचित होतं. रोजचा त्रास छोट्या झटक्यांचा असतो, पावसाळ्यात दिवा एकदा मिचकावला की मशीन रिस्टार्ट. लिहिता लिहिता वीज गेली की सिस्टिम फाइल अर्धवट राहतात आणि पुढे खरीखुरी ब्लू स्क्रीन तिथून सुरू होते. घरच्या साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तोही काही एसएमपीएसना झेपत नाही, कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस हवा. जुन्या इमारतींत, नौपाड्यात वगैरे, अर्थिंग नावापुरतं असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कोड वाचत बसण्याआधी वायरमनला बोलवावं.

घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि नव्या इमारती यामुळे धूळ भरपूर, दमट हवेत ती पंख्यावर चिकटून थर होतो. खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करतानाच ब्लू स्क्रीन येत असेल तर आधी हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी) साफ करून घ्यावी.

ड्रायव्हर आणि विंडोज

त्रास कुठल्या तारखेपासून सुरू झाला आणि त्याच्या आसपास काय टाकलं गेलं हे आठवणं सगळ्यात उपयोगी. ड्रायव्हर परत मागच्या आवृत्तीवर नेता येतो. एसएफसी आणि डीआयएसएम या कमांड विंडोजच्या फाइल दुरुस्त करतात, हार्डवेअर नाही. ड्रायव्हर व्हेरिफायर मुद्दाम क्रॅश घडवून दोषी शोधतो, पण तो सुरू केल्यावर मशीन चालूच होत नाही असं होऊ शकतं, त्यामुळे सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करणं) कसं जायचं ते माहीत असल्याशिवाय हात लावू नये.

एकट्या ड्रायव्हरची चूक किती लांब जाते ते शुक्रवार १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन ब्लू स्क्रीनच्या फेऱ्यात अडकली, आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते सॉफ्टवेअर कंपन्यांत वापरलं जातं म्हणून घरचे पीसी बहुतेक सुटले. ऐरोली-महापे-घणसोलीला नोकरी करणाऱ्यांच्या घरात मात्र ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा पीसी शेजारी शेजारी असतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लू स्क्रीन आली तर तो स्वतः उघडू नये, आयटी विभागाला कळवावं.

दुकानात नेण्याआधी

वाशीला किंवा ठाणे स्टेशनजवळ दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर मिनीडंपचं फोल्डर आणि पडद्याचे फोटो पेन ड्राइव्हवर सोबत द्यावेत आणि फॉरमॅट विचारल्याशिवाय करू नका हे पावतीवर लिहून घ्यावं. फॉरमॅट करून दोन आठवडे बरं चाललं आणि परत सुरू झालं तर तो हार्डवेअरचाच दोष समजावा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, बायोसमध्ये काही बदललं किंवा बोर्ड बदलला की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का हे मशीन चालू असतानाच बघून कागदावर उतरवून ठेवावं, नाहीतर डिस्क धडधाकट असूनही फोटो आणि कागदपत्रं हाती येत नाहीत.