समेट म्हणजे नेमके काय? नागपुरातल्या महिला-हिंसाविरोधी कामाची पार्श्वभूमी

नागपुरात बायकांवरच्या हिंसेविरुद्ध वस्ती उठली, असे म्हटले की बाहेरच्या माणसाला १३ ऑगस्ट २००४ आठवतो. कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणारा गुंड अक्कू यादव त्या दिवशी जिल्हा न्यायालयातच जमावाने मारला, मिरचीपूड टाकून. ती हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे, इथे पुन्हा नको. २०१४ मध्ये त्या खुनाचे आरोपी पुराव्याअभावी सुटले, एवढीच पुढची नोंद. एक मात्र सांगायला हवे. त्या दिवसाआधी वस्तीतले लोक वर्षानुवर्षे ठाण्यात जात होते आणि हात हलवत परत येत होते. संताप लोकांच्या लक्षात राहिला, खेटे राहिले नाहीत. वस्तीतले रोजचे काम या खेट्यांचेच असते, आणि त्यात सारखा कानावर पडणारा शब्द म्हणजे समेट.

मागे जायचे तर जुलै १९४२ पर्यंत जाता येते. नागपुरातल्या दलित महिला परिषदेत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांचे ठराव झाले. लग्न झालेली मुलगी नवऱ्याशेजारी मैत्रीण म्हणून उभी राहावी, त्याची दासी होऊ नये, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. मग तीस वर्षांनी देसाईगंज, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले. १९७२ मध्ये पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या, नागपूरच्याही आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी ४९८-अ आले, नवरा किंवा सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारे कलम. घरातली मारहाण पहिल्यांदा पोलिसांच्या वहीत स्वतःच्या कलमाने लिहिली जाऊ लागली. निदान लिहिली जायला हवी होती. प्रत्यक्षात बहुतेक बायांच्या हाती एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागदच पडला, आणि नवऱ्याला ‘समज देऊन’ सोडले गेले.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. २६ ऑक्टोबर २००६ ला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला, आणि १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मध्ये वर्षही गेले नाही. दोन्हींमध्ये बोलून मार्ग काढण्याला जागा आहे, म्हणून दोन्हींचे काम एकच असा समज झाला. तो चुकीचा आहे.

मोहिमेचा हिशोब साधा होता. गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे गावातच मिटवायचे, मिटलेल्यांवर गुण घ्यायचे आणि लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस मिळवायचे. बांधाचा वाद असा मिटला तर चांगलेच. उमरेड, काटोल, कुहीकडे धुऱ्यावरून तीन-तीन पिढ्या बोलत नाहीत. गावच्या तंटामुक्ती समित्यांनी पळून आलेल्या पोरापोरींची लग्ने लावली, मंदिरासमोरचे फोटो पेपरात आले, त्यालाही कुणाची हरकत असायचे कारण नाही. पण बाईला झालेली मारहाण त्याच वहीत ‘तंटा’ म्हणून चढली, आणि घोटाळा तिथे झाला. तंटा म्हटला की दोन पक्ष आले. दोन पक्ष आले की दोघांची थोडीथोडी चूक आली. वहीतली नोंद साधारण अशी असायची: ‘नवरा-बायकोचा वाद. दोघांना समज दिली. समेट.’ दोघांना! मार खाल्ला तिला कसली समज द्यायची?

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातले समुपदेशन याच्या नेमके उलटे चालते. २००६ च्या नियमांप्रमाणे समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचे समर्थन मांडताच येत नाही. भाजी खारट होती, फोनवर बोलत होती, उलटून बोलली, यातले काही चालत नाही. पुन्हा हात उचलणार नाही, अशी हमी त्याच्याकडून घेता येते. तडजोड बाईची इच्छा असेल तरच. गावच्या बैठकीत मात्र पहिला प्रश्न तिलाच असे: ‘तू काय केलं होतं?’ एका पद्धतीत हिंसा थांबवणे हे काम, दुसरीत घर टिकवणे. आणि दोन्हींच्या कागदावर शेवटी शब्द तोच, समेट. शहरातल्या वस्त्यांमध्ये ही मोहीम नव्हती, पण तीच सवय पोलीस ठाण्याशी जोडलेल्या महिला दक्षता समित्यांच्या काही बैठकांतही दिसते. समितीतली एखादी काकू मनापासून सांगते, ‘पोरी, लेकरांकडे पाह्य.’ तिचा हेतू वाईट नसतो, एवढे मान्य करायला हवे.

याच सवयीला २०१७ मध्ये वरून शिक्का मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ च्या तक्रारी आधी जिल्ह्याच्या कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायचा आदेश दिला. महिनाभरात समितीचा अहवाल, तोवर साधारणपणे अटक नाही. सदस्य कोण, तर समाजसेवक, निवृत्त लोक, अधिकाऱ्यांच्या पत्नी. म्हणजे साहेबांच्या बाईंनी ठरवायचे की मार पुरेसा झाला का. महिला संघटनांनी विरोध केला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तेवढा भाग रद्द झाला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालातून समित्यांची कल्पना पुन्हा वर आली. लोकसहभागाच्या नावाखाली तक्रार लांबवणे हा प्रकार संपलेला नाही.

याच काळात, २०१७ पासून, नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. समुपदेशन, कायद्याची मदत, वैद्यकीय मदत एकाच छताखाली मिळावी, हा हेतू. काही वस्त्यांत बायकांनी आपली साधी रीत बसवली आहे. रात्री आरडाओरडा ऐकू आला की दोघी-तिघी साखर नाहीतर विरजण मागायच्या निमित्ताने दार वाजवतात. हात तेवढ्यापुरता थांबतो. सकाळी तिच्यासोबत चौघी ठाण्यात जातात, कारण एकटीला ‘घरचा मामला आहे’ म्हणून परत पाठवणे सोपे असते.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे आली. वस्तीत मात्र कुणी पंच्याऐंशी म्हणत नाही. तिथे अजूनही ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावू का?’ असेच विचारतात, आणि बहुतेकदा समेट करून घेण्यासाठीच विचारतात.