चौकटीचे कोपरे चिकटवू नयेत

चित्राचा कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या चौकटीसाठी लाकडी पट्टी निवडताना ती डोळ्याजवळ आडवी धरावी, एक डोळा मिटावा आणि कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यावी. बाक असेल तर कड कमानीसारखी दिसते. पीळ असेल तर जवळची आणि दूरची कड एकमेकींना समांतर राहत नाही. थोडा बाक रंधा मारून काढता येतो. पीळ पडलेली पट्टी मात्र परत ठेवावी, कारण तिच्यामुळे चित्राचा एक कोपरा कायम भिंतीपासून सुटलेला राहतो.

लाकूड असे वळते, कारण ते सर्व दिशांना सारखे आक्रसत नाही. ओल्या लाकडातले पाणी पूर्ण निघून गेले तरी लांबीत ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के कमी होते; वार्षिक वलयांच्या दिशेने मात्र पाइनसारखे लाकूड सुमारे ७ टक्के आक्रसते. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतला ओलावा पावसाळ्यात १६ टक्के आणि कोरड्या दिवसांत १० टक्के असेल, तर रुंदीत सुमारे ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो, तर मीटरभर लांबीत अर्ध्या मिलिमीटरचाही पडत नाही. म्हणूनच सरळ रेषांचे, गाठी नसलेले, चांगले मुरलेले लाकूड हवे. सागवान फारच कमी हलते, पण ते जड आणि महाग असते. मध्यम आकाराच्या चित्राला चांगले पाइन पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

ताणलेले कापड पट्ट्यांना सतत आत ओढत असते. ताण तोच राहिला आणि पट्टीची लांबी दुप्पट झाली, तर तिला येणारा बाक सोळापट होतो. उलट रुंदी दुप्पट केली, तर तो आठव्या हिश्शावर येतो. साधारण तीन फुटांपुढच्या चौकटीला मधोमध आडवी पट्टी देतात, ती याचसाठी. पट्टीची समोरची बाजू आतल्या कडेकडे उतरती तासलेली असावी, म्हणजे कॅनव्हास फक्त बाहेरच्या कडेवर टेकतो. नाही तर काही काळाने चित्रावर पट्टीची कड रेघेसारखी उमटते.

कोपरे ४५ अंशांत कापून, एका पट्टीच्या टोकाची जीभ (पुढे आलेला पातळ भाग) दुसरीच्या खाचेत बसवून जोडतात. गुण्या (काटकोन तपासायचे सुतारी साधन) लावून झाल्यावरही दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. इथे गोंद लावण्याचा मोह होतो आणि तो टाळायलाच हवा. लाकूड वाळून रुंदीत कमी झाले की ४५ अंशांचा सांधा आतल्या बाजूने उघडू पाहतो, आणि चिकटवलेला कोपरा तिथे तडकू शकतो. शिवाय सांधा मोकळा असला तरच कोपऱ्याच्या आतल्या खाचांत दोन-दोन, म्हणजे एकूण आठ, लाकडी पाचरी ठोकून चौकट किंचित मोठी करता येते आणि सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता येतो.

पण पाचरी कधी ठोकायच्या, हे हवेवर ठरते. पारंपरिक पद्धतीने सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, लावलेल्या कॅनव्हासमध्ये सरसाचा थर दमट हवेत मऊ पडतो आणि ताण सोडतो. कोरड्या हवेत तोच थर आक्रसून कापडाला घट्ट ओढतो. मुंबईत जुलैमध्ये सैल दिसणारे चित्र पाचरी ठोकून कडक केले आणि पुढे एप्रिलात नागपूरला नेले, तर वाढलेला ताण जुन्या, ठिसूळ रंगाला तडे पाडू शकतो. म्हणून पावसाळा सरेपर्यंत थांबावे. नंतर पट्टी आणि कापड यांच्यामध्ये जाड कागद सरकवून प्रत्येक कोपऱ्यात हलके, आळीपाळीने ठोके द्यावेत आणि पाचरींना दोऱ्याने चौकटीशी बांधावे, कारण निसटलेली पाचर खालच्या पट्टीच्या आणि कॅनव्हासच्या फटीत जाऊन बसते व समोरून रंगावर टेंगूळ उठते.