काळोखाच्या कादंबरीत प्रभू कुठे?

नागपुरातल्या सदर, मोहननगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींमधली (चर्चमधली) तरुण मुलं हल्ली इंग्रजी ख्रिस्ती थरारकथा फोनवर वाचतात. खून, अपहरण, पछाडलेलं घर, आणि शेवटच्या पानापर्यंत गुडघे टेकणारं कुणी नाही. घरातल्या मोठ्यांचा सवाल ठरलेला: "यात प्रभू कुठे आहे?"

ही अपेक्षा आपल्याकडे जुनी आहे. नागपुरात मिशनचं काम १८४५ साली सुरू झालं. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५७ मध्ये, मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी आली, तीही एका ख्रिस्ती लेखकाची. नायिका शेवटी ख्रिस्ती होते, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच पानांत केशवपन आणि विधवांचा छळ किती उघडपणे मांडलाय, ते मात्र राहिलं नाही.

आज हातात येणारी थरारकथा मात्र अमेरिकेतल्या ख्रिस्ती दुकानांच्या शेल्फवर वाढली. १९७९ मध्ये एका साध्या, सोज्वळ प्रेमकथेने तिथल्या प्रकाशकांना कादंबरीची बाजारपेठ दाखवली. १९८६ मध्ये एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे झुंजतात अशी कादंबरी आली. आधी फारशी खपली नाही, मग लाखोंनी गेली. १९९५ पासून जगाच्या शेवटच्या काळावरची कादंबरीमालिका. या दोन्हींत विश्वास पानोपानी बोलतो. वाचकाच्या मनात मोजपट्टी तयार झाली ती तिथे.

खरा वाद पुढे पेटला, काय चालेल नि काय नाही यावरून. प्रकाशकांनी हिंसेला बरीच मोकळीक दिली. शिवी आणि शरीरसंबंध मात्र वर्ज्य. म्हणजे चार जीव घेतलेला खुनी पोलिसांना शिवीसुद्धा देत नाही! कारण उघड होतं. एखाद्या ग्राहकाची तक्रार आली की दुकानदार पुस्तक परत पाठवायचा. दुकानांच्या एका मोठ्या साखळीने तर काही पुस्तकांवर 'विवेकाने वाचा' अशी सूचना लावली होती. २०११ मध्ये ही सूचना लावणं बंद केलं. काही थरारलेखकांनी याच सुमारास पश्चात्तापाचा ठरावीक प्रसंग गाळला आणि विश्वास पात्राच्या निवडीत ठेवला: पळून जाता येत असताना कोण थांबतो, कोण क्षमा करतो. त्यावर "मग हे ख्रिस्ती कसं?" अशी ओरड झाली. ही ओरड मला पटत नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडा. गावगुंड रात्रभर एका बाईवर अत्याचार करतात, सकाळी ती उंबरठ्यावर हात टाकून पडलेली सापडते, नवरा तिच्या देहाचे बारा तुकडे करून इस्राएलभर धाडतो. अध्यायात कुणी तारणाचा उपदेश करत नाही. तरी तो पवित्र शास्त्रात आहे, आणि वाचणाऱ्याला पाप किती खोल जातं ते कळतं. त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात याएल नावाची बाई झोपलेल्या शत्रू-सेनापती सीसराच्या कानशिलात मेख ठोकते, तेही असंच सरळ सांगितलंय.

पुढे दुकानंच गेली. २०१७ मध्ये २४० दुकानांची एक साखळी बंद पडली, २०१९ मध्ये दुसऱ्या साखळीने आपली १७० दुकानं मिटवली. विक्री ऑनलाइन गेली. आता एकाच कादंबरीखाली एक वाचक "प्रार्थना कुठेच नाही" म्हणून एक तारा देतो, आणि दुसरा "प्रवचन फार झालं" म्हणून तेवढाच.