खुर्ची संग्रहालयाची पार्श्वभूमी : दालनं सांध्यांप्रमाणे

फक्त खुर्च्यांचं असं एक संग्रहालय कल्पून पाहिलं, तर दालनं राजांच्या किंवा शैलींच्या क्रमाने लावणं सर्वांत सोपं. आमच्या मते ती सांध्यांच्या क्रमाने लावावीत. खुर्ची बहुधा एकाच जागी मोडते : मागचा पाय बैठकीला मिळतो तिथे. बसणारा मागे रेलला, पुढचे पाय उचलले गेले, की पाठीच्या उंचीची तरफ होऊन सगळा जोर त्या जोडावर येतो. टेबलाला हा जाच नाही.

पहिलं दालन इजिप्तचं. गिझाला १९२५ मध्ये सापडलेल्या हेतेफेरेस राणीच्या थडग्यातल्या आरामखुर्चीचं लाकूड कुजून गेलं होतं. उरलेल्या सोन्याच्या पत्र्यावरून आणि त्याच्या तुकड्यांच्या जागांवरून तिची पुनर्रचना झाली. कुसू (लाकडाची कोरलेली जीभ) आणि साल (ती बसण्याचं भोक) हा सांधा इजिप्तच्या सुतारांना पक्का ठाऊक होता. कित्येकदा ते त्यावर ओल्या कच्च्या चामड्याची वादी आवळत. चामडं वाळताना आक्रसतं आणि जोड घट्ट होतो.

ग्रीक क्लिस्मॉसच्या दालनात फक्त चित्रं लागतील, कारण मूळ खुर्ची एकही उरलेली नाही. फुलदाण्यांवर आणि थडग्यांच्या शिळांवर तिचे कमानदार पाय दिसतात. असा पाय सरळ फळीतून कापला, तर वळणावर लाकडाचे तंतू तुटक पडतात आणि पाय तिथेच चिरतो.

अठराव्या शतकातली इंग्लंडची विंडसर खुर्ची पाठीचा आणि पायांचा संबंधच तोडते. एल्म लाकडाच्या जाड बैठकीत खालून बीच लाकडाचे पाय, वरून पाठीच्या काड्या. दोन्ही स्वतंत्र भोकांत. पायाचं टोक चांगलं वाळवून बसवायचं, म्हणजे पुढे हवेतली ओल शोषून ते फुगतं आणि आवळतं. पायाच्या टोकात वरून ठोकायची पाचर बैठकीच्या तंतूंना आडवी हवी. तंतूंच्या दिशेने ठोकली, तर बैठकच उभी फाटते.

सर्वांत मोठं दालन लाकूड वाकवून खुर्च्या करणाऱ्या मिखाएल थोनेटचं असावं. १८५९ ची क्रमांक १४ ची खुर्ची : सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. मागचे दोन पाय आणि पाठ मिळून वाकवलेली एकच काठी, म्हणजे सर्वांत नाजूक जागी लाकूड अखंड. बीचची काठी वाफेत मऊ करून वाकवायची. ढोबळ हिशेब, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास. गरम लाकूड दाबलं तर खूप आत जातं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच फुटतं. म्हणून काठीच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसवून मगच वाकवायचं : ताण पट्टी घेते, लाकूड फक्त दबतं. खरी युक्ती ही पट्टी, वाफ नव्हे. सुटे केलेले भाग रचले की एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत.

या खुर्चीत ढिली होतात ती स्क्रूंची भोकं. त्यांत इपॉक्सी (घट्ट होऊन न सुटणारा कृत्रिम गोंद) ओतणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद केलाच म्हणून समजा. त्याच लाकडाची खुंटी सरसाने बसवून नवं भोक पाडावं. सरस ऊब आणि ओल देऊन परत सुटतो.

पोलादी नळीच्या खुर्च्यांना छोटी खोली पुरे. १९२५ मध्ये रचनाकार मार्सेल ब्रॉयरने नळी वाकवून खुर्ची केली. पुढच्याच वर्षी वास्तुकार मार्ट स्टामने गॅसच्या नळ्या जोडून मागचे पायच काढून टाकले आणि तो कुप्रसिद्ध सांधा नाहीसा झाला. वाकवताना नळीचं वळण चपटं होऊ नये म्हणून आत वाळू ठासून भरतात.

शेवटी प्लास्टिकची, सांधाच नसलेली एकसंध खुर्ची. आँरी मासोने यांची ‘फोतई ३००’ १९७२ ची. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं की दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर. वस्तू स्वस्त, पण जतनाला सर्वांत कठीण. या जातीच्या खुर्च्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतं, पाय बैठकीला मिळतो त्या बगलेत चीर पडते, आणि साधा गोंद त्याला धरत नाही. तेव्हा प्रत्येक नमुन्याच्या दोन प्रती घ्याव्यात : एक दालनात, दुसरी अंधाऱ्या कोठारात, आणि तीही एकावर एक न रचता.