वस्तऱ्याची दाढी आणि केसांचा कल

उघड्या वस्तऱ्याने दाढी करताना चेहऱ्याच्या कोणत्या भागातले केस कुठे झुकले आहेत हे ओळखून पात्याची दिशा, कोन, पकड आणि कातडीचा ताण बदलत नेण्याची पद्धत. पाते केसांच्या कलाबरोबर ओढले तर तो सुलटा हात, कलाला आडवे नेले तर आडवा हात आणि कलाविरुद्ध चढवले तर उलटा हात. बोलण्यात मात्र वरून खाली म्हणजे सुलटा आणि खालून वर म्हणजे उलटा, असे सरसकट धरले जाते. नवशिक्यांच्या गळ्यावरचे बरेचसे ओरखडे या एका समजुतीतून आलेले असतात.

दाढीचा केस कातडीतून ताठ उभा निघत नाही, तिरका निघतो. कल्ल्यांपासून जबड्यापर्यंत बहुतेकांचे केस खालीच झुकतात, त्यामुळे गालावर वरील समजूत खपून जाते. जबड्याची कड ओलांडली की हिशेब बिघडतो. गळ्याच्या खालच्या भागात अनेकांचे केस वर, हनुवटीच्या दिशेने वाढतात. बाजूंना ते आडवे होतात, कधी कानाकडे, कधी कंठमण्याकडे, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असे नाही. जबड्याच्या कोपऱ्याखाली काहींना चक्क भोवरा असतो, डोक्यावर असतो तसा. अशा गळ्यावर ‘पहिला हात वरून खाली’ हा नियम इमानाने पाळणारा माणूस पहिल्याच हाताला उलटी दाढी करत असतो, तीही खुंट अजून पूर्ण लांबीचे असताना.

कल शोधायला बोट पुरते. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणून एक-दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि साबण लावण्यापूर्वी, कोरड्या गालावरून बोटाचे टोक चारही दिशांना फिरवावे. बोट जिकडे सुळकन जाते तो कल. जिकडे अडखळते ती उलट बाजू. बोटाला नीट कळले नाही तर कापसाचा बोळा फिरवावा, उलट दिशेला त्याचे तंतू खुंटांत अडकतात. कागदावर चेहऱ्याची आकृती काढून तीत बाण भरून ठेवले तर उत्तम. हे काम एकदाच करायचे असते, कारण कल केसाच्या मुळाच्या ठेवणीवर ठरतो आणि कितीही दाढ्या केल्या तरी वळत नाही.

कलाला एवढे महत्त्व का, ते लाकूड तासणाऱ्याला सांगावे लागत नाही. रंधा रेषांबरोबर चालला की सलग साल निघते, विरुद्ध चालला की लाकूड उचकटते. ही उपमा जुनी आहे. पॅरिसचा सुऱ्या-वस्तरे घडवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने अठराव्या शतकात वस्तऱ्याला लाकडी आड बसवली ती रंध्यावरूनच, आणि स्वतःची दाढी स्वतः कशी करावी हे सांगणारे पुस्तकही १७६९ मध्ये छापले. जर्मन भाषेत तर सेफ्टी रेझरला आजही ‘दाढीचा रंधा’ याच अर्थाचा शब्द आहे. किंग जिलेट याच्या रेझरला १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे घरोघर पोचलेल्या अशा यंत्रांनी कोनाची काळजी बरीच कमी केली. उघड्या वस्तऱ्यात ती पूर्णपणे हातावर असते.

सुलट्या हाताला पाते कातडीशी सुमारे ३० अंशांत ठेवतात. अंश मोजत कोणी बसत नाही. पात्याची पाठ कातडीपासून तिच्या स्वतःच्या एक-दोन जाडींइतकी उचललेली असली की झाले. केस इथे पात्यापुढे निमूट झुकलेला असतो, तो कापला जातो आणि बारीकसा खुंट मागे राहतो. उलट्या हाताला पाते आधी केसाला उभे करते, मग बुडाशी कापते. दाढी गुळगुळीत होते, पण केस मुळातून ओढला जातो आणि पाते अडखळले तर धार कातडीत रुतते. म्हणून उलट्या हाताला पाठ आणखी खाली, जवळजवळ कातडीला टेकवून धरतात. कोन कोणताही असो, धार तिच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकता कामा नये. सुरीने फोड कापतो तशी ती कातडी कापते, आणि जखम झाल्याचे रक्त दिसल्यावरच कळते.

कातडी ताणायची ती पाते निघते त्या टोकाकडून, पात्याच्या चालीच्या विरुद्ध. वर वाढणाऱ्या केसांचा गळा घ्या. मान मागे टाकायची, मोकळ्या हाताच्या बोटांनी कातडी गळपट्टीच्या हाडाकडे खाली खेचायची, वस्तरा धार वर आणि पाठ खाली असा धरायचा आणि बोटभर रुंदीच्या छोट्या ओढींनी जबड्याकडे चढायचे. दिसायला ही उलटी दाढी, प्रत्यक्षात सुलटी. खसखस असा एकसारखा आवाज येत राहिला तर दिशा बरोबर आहे. आवाज तुटला आणि कातडीला हिसका बसला की थांबून पुन्हा बोट फिरवावे. भोवऱ्यात मधून बाहेर, दर ओढीला दिशा बदलत जावे.

आडवे केस असतील तिथे खरी अडचण हाताची होते. दाढी करून देणारा खुर्चीभोवती फिरू शकतो. आरशासमोरच्या माणसाला फिरता येत नाही, त्याला हात बदलावा लागतो किंवा मनगट वळवून पकड बदलावी लागते. डाव्या गालासाठी डावा हात तयार करणे पहिले काही आठवडे वेडेपणाचे वाटते, पण नाकासमोरून हात आडवा नेऊन धार नजरेआड करण्यापेक्षा ते बरे. वरच्या ओठावर जागाच नसते: ओठ दातांवर खाली ताणून नाकपुडीकडून खाली आखूड ओढी घ्याव्यात, आणि तिथे उलट्या हाताचा मोह टाळावा.

किती हात मारायचे हे दाढीवर आहे. सुलटा आणि त्यानंतर पुन्हा फेस लावून आडवा, एवढ्यात बहुतेकांचे भागते. प्रत्येक हाताने खुंट आखूड होत गेल्यामुळे तिसरा, उलटा हात सुसह्य होतो. कुरळ्या केसांच्या माणसांनी तो मारू नये. ताणलेल्या कातडीवर उलटा कापलेला केस कातडी सैल पडताच आत जातो आणि त्याचे टोकदार तोंड आतूनच कातडीत घुसते. बाहेर आलेला कुरळा केस वळून पुन्हा आत शिरतो तो वेगळाच. दोन्हींतून येणाऱ्या लालसर पुळ्यांना वैद्यकात स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. अशा दाढीला नुसता सुलटा हात आणि पाते घसरणार नाही इतकाच ताण द्यावा. खुंट हाताला थोडे लागतात, आणि ते तसेच राहू द्यायचे असतात.