शेरणी वाकते, म्हणून काठ टिकतो

"नदीपात्रातली झुडपं काढा, म्हणजे पूर येणार नाही" हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं आणि जेसीबी काठावर उतरतो. त्यात सर्वांत आधी जाते ती शेरणी.

सह्याद्रीच्या नद्यांत खडकाच्या फटींत मुळं रोवून उभं राहणारं हे झुडूप उंचीला साधारण पुरुषभर. पानं बोटभर लांब, अगदी अरुंद, खालून चंदेरी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ताठ वस्तूवरचा जोर चौपट होतो. शेरणीचं गणित वेगळं आहे. पाणी वाढलं की फांद्या प्रवाहाच्या दिशेने लवतात, पानं एकमेकांना चिकटतात आणि झुडपाची पाण्याला आडवी येणारी रुंदीच घटते. त्यामुळे जोर चौपटीपेक्षा कमीच वाढतो. आडव्या झालेल्या फांद्यांमागे पाणी मंदावतं, गाळ बसतो. पूर ओसरला की हाच ओला, उघडा गाळ वाळुंजाला, म्हणजे नदीकाठच्या विलो जातीच्या झाडाला, रुजायला लागतो. त्याचं कापसासारखं उडणारं बी फार थोडे दिवस जिवंत राहतं. तेवढ्यात ओला चिखल मिळाला नाही तर संपलं. शेरणी काढली की गाळ जातो आणि वाळुंजाची पुढची पिढीही जाते.

म्हणून काठावर कुठल्या वनस्पती आहेत याची नुसती यादी फसवते. जंगलातल्या काठावर जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन मिळतात. उसाच्या पट्ट्यातल्या काठावर बेशरम, गाजरगवत, घाणेरी, एरंड, आघाडा, केना. जातींचा आकडा दोन्हीकडे सारखाही भरेल, पण गाजरगवत पडीक माळावरही तितकंच खूश असतं.

मोजणी करायची तर पाण्याच्या कडेपासून काटकोनात 20 मीटर दोरी ताणा. दर 5 मीटरवर 1 मीटरची चौकट टाकून प्रत्येक जातीने किती टक्के जमीन झाकली तेही लिहा. झाडांसाठी 10 × 10 मीटरचा चौकोन घ्या आणि रोपं वेगळी मोजा. मोठे वाळुंज दहा आणि रोप एकही नाही, तर तो काठ म्हातारा झालाय. भर पावसात मोजू नका, शेरणी पाण्याखाली असते. ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा मोजा.

जाता जाता: उंबर दिसला की तिथेच बोअर मारणारे अजून आहेत. उंबर वरच्या थरातली ओल सांगतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, बोअरचं पाणी खोल भेगांत असतं, त्याची खात्री उंबर देत नाही.

वाळुंज लावायचा असेल तर अंगठ्याएवढ्या जाड, दीड फुटी फांद्या, डोळे वर ठेवून दोन तृतीयांश चिखलात खोचा. वेळ पाणी ओसरताना, जागा हिवाळी पाण्याच्या रेषेजवळ. वर लावल्या तर डिसेंबरात वाळतात. आणि फांद्या एकाच झाडाच्या घेऊ नका. वाळुंजात नर-मादी झाडं वेगळी असतात. एकाच नराच्या शंभर फांद्या छान फुटतील, बी मात्र एकही धरणार नाही. फुलोरा आलेला असताना निदान चार-पाच झाडं पाहून नर-मादीवर खूण करून ठेवा.