पिल्लाआधी त्याची आई पाहा

कुत्र्याचं गुबगुबीत पिल्लू बोट चाटू लागलं, की त्याच्या आईबापाचे तपासणी-अहवाल मागायचं कुणाला सुचत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की पिल्लाला हात लावण्याआधी त्याची आई पाहावी आणि ब्रीडरशी, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याशी, नीट बोलावं.

पीआरए (प्रोग्रेसिव्ह रेटिनल अॅट्रॉफी) या आजारात कुत्र्याचं दृष्टिपटल झिजत जातं. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, पुढे अंधत्व येतं. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल अशा अनेक जातींत आढळणारा त्याचा एक प्रकार अप्रभावी जनुकामुळे होतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या कुत्र्याला या आजाराचा काही त्रास नसतो. पण असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. पिल्लाचे टपोरे डोळे पाहून हे कळत नाही, डीएनए चाचणीतून कळतं. आईबापांपैकी एकाच्या दोन्ही प्रती निर्दोष असतील, तर या प्रकारचं अंधत्व एकाही पिल्लाला येत नाही. हिप डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, इतका सरळ नाही. त्यात अनेक जनुकं गुंतलेली असतात, वाढीच्या वयातल्या आहाराचाही वाटा असतो. तिथे आईबापाचे एक्स-रे मागावेत. ‘आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये.

लशींबाबतही फसगत होते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाला जपतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून निदान 16 आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या ‘सगळ्या लशी झाल्यात’ असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही.

आठ आठवड्यांआधी तर पिल्लू आणूच नये. भावंडांशी खेळताना चावा जोरात बसला, की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचे, हे पिल्लू तिथे शिकतं.

आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर रिकाम्या हाती परत यावं. ‘निदान या एकाला तरी इथून सोडवू’ असं वाटून जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. पण आपण दिलेल्या पैशांवरच तिथे पुढचं वेत घेतलं जातं, त्याच न दिसलेल्या आईकडून.